पाठ

पहिल्याच दिवशी केळुसकर बाईंनी वह्या काढून घेतल्या,
खिडकीच्या कट्ट्यावर रचल्या,
वर डबा ठेवला, पंख्याने पानं उडू नयेत म्हणून.
म्हणाल्या, पंधरा दिवस कुणी बोलायचं नाही.
मी सांगेन, तुम्ही करायचं.

कोपरखैरणे, सेक्टर पाच. खाली पिठाची गिरणी,
वर आम्ही अकरा जणी
आणि नर्सिंग केलेला लातूरचा नागनाथ.
लादी तळपायाला गुदगुल्या करायची,
ज्वारीपेक्षा गहू दळताना जास्त.

तात्ते. उभे राहिलो.
सुवात्ते. बसलो.
आरुइते. चाललो, भिंतीपर्यंत.
तोमात्ते. सगळे थांबलो,
इंदुमती थांबली नाही, कॅलेंडरवर जाऊन आपटली,
म्हणून तो शब्द आम्हाला कायमचा आला.

ते म्हणजे हात.
मिमी म्हणजे कान. (मी मी करणारं तर तोंड,
पण जपान्यांचं त्यांना माहीत.)
आशि म्हणजे पाय.
घरी आई म्हणाली, अशी काय चालतेस?
मी खाली पायांकडेच बघितलं.

दिवाणापासून मोरीपर्यंत माझा सराव.
तीन पावलं, वळ, वाक, उशीला आजोबा समजून कुशीवर कर.
आबा कंबरेचा पट्टा बांधून बघत बसतात.
दाणा मार्केटात एकतीस वर्षं माथाडी. आता घरी.
म्हणाले, ही भाषा हाय का कवायत?
म्हटलं, असंच शिकवतात, आधी अंगाला, मग तोंडाला.
ते म्हणाले, मग मला गुजराती असंच आलं की.

आणि सांगू लागले, जे कधीच सांगितलं नव्हतं.
साताऱ्याहून आलेले, कामाचा पहिला दिवस,
पाठीवर तूरडाळ, तेव्हा पोतं शंभराचं असायचं.
शेठ गादीवरून ओरडला, मूक! मूक!
'मला वाटलं, मुका ऱ्हा म्हणतोय.
ऱ्हायलो.'

शंभर किलो घेऊन माझा बाप
तुर्भ्याच्या उन्हात गप्प उभा राहिला.
शेठचा आवाज चढत गेला,
तसा हा आणखी गप्प होत गेला.
शेवटी एका म्हाताऱ्या मुकादमाने
पोत्याचा कान धरून खाली ओढला,
तेव्हा कळलं.
मूक म्हणजे ठेव.

'त्यानंतर इसरलो न्हाई,' आबा म्हणाले,
आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

वाशीला तोंडी परीक्षा झाली.
कॉम्प्युटरवरच्या बाईंनी विचारलं,
आजी पलंगावरून उठत नाहीत, काय म्हणाल?
शब्द येईना.
खुर्चीत बसून तो येणारच नव्हता.
मी उठले, गुडघे वाकवले,
हवेतल्या एका म्हातारीच्या काखेत हात घातले
आणि तिचं वजन आल्यावर
तोंडातून आपोआप निघालं, युक्कुरी, हळूहळू,
तात्ते.
कॅमेऱ्यात तेव्हा फक्त माझं पोट दिसत होतं,
असं नंतर कळलं.
निकाल पुढच्या महिन्यात.

काल जेवताना आबांनी विचारलं, उचलला काय म्हणत्यात?
मोचिआगेते.
त्यांनी म्हणून बघितलं, अर्ध्यात अडकले.
'लई लांब. तोवर पोतं पडंल.'
भाकरीचा तुकडा मोडला. चावत राहिले.
'आन् ठेवला?'
ओइते.
'ओइते,' आबा म्हणाले,
आणि बसल्या जागी
उजवा खांदा थोडा तिरका केला.